फ्लॉवरहॉर्न माशाचा भाव कशाने चढतो?

आपल्या इंदुरातील बऱ्याच सभासदांच्या घरी अलीकडे काचेची मोठी टाकी दिसू लागली आहे, आणि तिच्यात पुष्कळदा एकच मासा असतो. अंगाने तांबूस, पाठीवर मोत्यांसारखे चमकणारे ठिपके, कुशीवर काळ्या खुणांची ओळ आणि कपाळावर बैलाच्या वशिंडासारखा भला मोठा उंचवटा. याला फ्लॉवरहॉर्न म्हणतात. घरी आलेला पाहुणा दोन प्रश्न हमखास विचारतो: हा चावतो का, आणि केवढ्याला घेतला? पहिल्याचे उत्तर सोपे आहे, चावतो. दुसऱ्याचे उत्तर ऐकून मात्र पाहुणा जरा गप्प होतो. कारण बोटभर पिल्लू दोन-तीनशे रुपयांस मिळते, आणि त्याच जातीचा पूर्ण वाढलेला निवडक नर कित्येक हजारांस विकला जातो.

महोत्सवी अंकात माशाचे काय काम, असे कोणी म्हणेल. परंतु या हौशीपायी आपल्यातील काही कुटुंबांचा बराच पैसा खर्च झाला आहे, आणि आमची तरुण मुले आता तीत धंदा पाहू लागली आहेत. तेव्हा हा भाव नेमका कशाचा असतो, हे एकदा नीट समजून घेणे सर्वांच्या हिताचे आहे.

प्रथम या माशाचे कुळ पाहू. याला सिक्लिड म्हणतात. हे कुळ आपणांस अगदी परके नाही. उजनी धरणातला चिलापी, म्हणजे १९५२ साली भारतात आणलेला आफ्रिकेतील तिलापिया, हा सिक्लिडच. आणि गोव्याच्या खाड्यांतला कालुंदर हाही त्याच कुळातला, तो तर अस्सल देशी. फ्लॉवरहॉर्नचे पूर्वज मात्र मध्य अमेरिकेतले. निकाराग्वातील सरोवरांतले मिडास व रेड डेव्हिल, मेक्सिकोकडचा ट्रायमॅक आणि आणखी काही जाती यांचे संकर मलेशियात झाले, आणि १९९० नंतरच्या दशकात या माशाने आकार घेतला. निसर्गात, कोणत्याही नदीत वा सरोवरात हा मासा मूळचा नाही. तो माणसाच्या हौशीतून जन्मला. चिनी लोक त्याला 'लोहान' म्हणतात. हा शब्द आपल्या 'अर्हत' शब्दाचेच चिनी रूप होय. चित्रांतील बौद्ध अर्हतांचे भव्य कपाळ पाहून हे नाव पडले. संस्कृत शब्द चीनमार्गे मलेशियात जाऊन माशाच्या अंगावर चढावा, ही गंमतच.

आता किंमत. दुर्मिळ वस्तू महाग असते, हे खरे. पण दुर्मिळता एका प्रकारची नसते. आशियाई आरोवाना हा मासा महाग आहे तो रानातून संपत चालल्यामुळे. १९७५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंधने आहेत, आणि परवानाधारक संवर्धकाकडून आलेल्या माशाच्या अंगात ओळखीची चिप व सोबत दाखला असतो. फ्लॉवरहॉर्नचे तसे काही नाही. एक जोडी एका विणीत कित्येक शे, कधी हजाराच्या वर अंडी घालते. आईबाप पिल्ले जिवापाड राखतात. मासा काटक आहे, मिळेल ते खातो. संख्येने पाहिले तर त्यात दुर्मिळ असे काहीच नाही. दुर्मिळ आहे तो मनाजोगता फ्लॉवरहॉर्न. हा भेद कळला की पुढचे सारे सोपे होते.

तो समजण्यास आपला आंबा उपयोगी पडेल. हापुसाची कोय लावली तर झाड येते, पण त्याला हापूसच लागेल याची शाश्वती नाही. ते रायवळ निघण्याचा संभव अधिक. म्हणून आपण कलम बांधतो. कलम म्हणजे मूळ झाडाचाच तुकडा. त्याचे फळ आईच्या फळासारखेच. हापूस किंवा गोव्याचा मानकुराद बाजारात पेट्यांनी येतो तो या कलमाच्या जोरावर. माशाचे कलम बांधता येत नाही. तेथे प्रत्येक पिल्लू हे कोयीचे झाड.

कोयीतही एक तरतम आहे. मेंडेलने वाटाण्यावरील आपल्या प्रयोगांचा निबंध १८६६ साली प्रसिद्ध केला, त्यात हे आलेले आहे. दोन शुद्ध वाणांचा संकर केला, तर पहिली पिढी बहुतेक एकसारखी निघते. त्या पिढीचा आपसांत संकर केला की दुसऱ्या पिढीत सगळी पाने पुन्हा पिसली जातात. कोणी आजोबांवर जातो, कोणी आजीवर, कोणी दोघांच्या मधला. शोभेच्या सिक्लिडांत या दोन्ही अवस्थांची उदाहरणे शेजारी शेजारी मांडलेली आहेत.

पहिले उदाहरण ब्लड पॅरट. नारिंगी, गोलमटोल, पोपटाच्या चोचीसारख्या तोंडाचा हा मासा १९८० नंतरच्या दशकात तैवानात निघाला. मिडास आणि रेडहेड या दोन जातींचा तो पहिल्या पिढीचा संकर मानतात. आरंभी त्याच्या आईबापांची नावे गुप्त ठेवली होती, आणि गुपित होते तोवर भावही चढा होता. परंतु गुपित किती दिवस टिकणार? दोन्ही जाती ज्याच्या तळ्यात आहेत त्याला हा संकर पुन्हा पुन्हा करता येतो, व पिल्लेही बरीचशी सारखी निघतात. आज साधा ब्लड पॅरट कोणत्याही दुकानात माफक किमतीस मिळतो. जे हवे तेव्हा करता येते, त्याचा भाव टिकत नाही.

दुसरे उदाहरण फ्लॉवरहॉर्न. तो पहिल्या पिढीचा नव्हे. अनेक जातींचे रक्त अनेक पिढ्या ढवळून तो झाला आहे. बक्षीसपात्र नर व त्याच घराण्याची मादी यांच्या पाचशे पिल्लांत बापाच्या तोडीची निघतील ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीची साधी, कपाळ सपाट, रंग मळकट. पुढच्या विणीत हेच प्रमाण राहील असेही नाही. कोणी कितीही पैसा ओतला तरी ही सोडत त्याच्या हाती येत नाही. म्हणूनच फ्लॉवरहॉर्न निघून पंचवीसहून अधिक वर्षे लोटली, तरी उत्तम नराचा भाव ब्लड पॅरटसारखा खाली आला नाही.

त्यात आणखी एक अडसर आहे. दूरच्या जातींच्या संकरात नर पुष्कळदा वांझ निघतात. फ्लॉवरहॉर्नमध्ये दोन घराणी विशेष नावाजलेली आहेत. एक 'झेन झू', म्हणजे चिनी भाषेत मोती. दुसरे 'काम्फा', म्हणजे सोनफूल. झेन झूचे नर बहुधा फळतात, आणि म्हणून त्या घराण्याचा मासा तुलनेने स्वस्त असतो. काम्फाचे डौलदार, पंख्यासारख्या शेपटीचे नर मात्र बरेचसे वांझ असतात. अशा घराण्यातला एखादा नर फळतो असे सिद्ध झाले की त्याच्या रूपाला न मिळणारी किंमत त्याच्या बीजाला मिळते.

मादीची गोष्ट याहून निराळी. तिच्या कपाळावर वशिंड बहुधा येत नाही, रंगही मंद असतो. दुकानात तिला कोणी विचारीत नाही. पण जिच्या पोटी चांगली पिल्ले येतात असे दोन-तीन विणींत दिसून आले, ती मादी जाणता संवर्धक कोणत्याही किमतीस देत नाही. दर्शनी टाकीत नर मिरवतात, आणि धंद्याचे खरे भांडवल मागच्या खोलीत मळक्या रंगाने पोहत असते. बाजारात सहज मिळणारी 'पैदाशीची जोडी' विकत घेऊ पाहणाऱ्यांनी याचा विचार अवश्य करावा. ती विकायला का निघाली, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

आता जागेचा प्रश्न. तो वरवर क्षुल्लक वाटतो, पण भाव ठरविण्यात त्याचा वाटा मोठा आहे. हा मासा भांडखोर आहे. लहानपणी पिल्ले एकत्र राहतात; जरा अंग धरू लागली की एकमेकांस फाडतात. मग प्रत्येकाला वेगळा कप्पा द्यावा लागतो, आणि पूर्ण वाढलेल्या माशाला निदान चार फूट लांबीची, अडीचशे-तीनशे लिटरांची स्वतंत्र टाकी. समजा, पाचशे पिल्ले झाली. पाचशे टाक्या कोण ठेवील? दोन महिन्यांच्या सुमारास पन्नास निवडावी लागतात. कपाळाचा उंचवटा नीट दिसू लागतो तो साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात. म्हणजे पहिली निवड अंधारातच करावी लागते, आणि पुढे नाव काढणारा मासा त्या दिवशी स्वस्त विकलेल्या साडेचारशांत गेला नसेल असे कोणी सांगावे? राहिलेल्या पन्नासांना वर्षभर खाऊ घालायचे, पाणी बदलायचे. त्यांतले पाच चांगले निघाले, तर उरलेल्या पंचेचाळिसांचा खर्च त्या पाचांच्या किमतीत येतो. ग्राहकास एक मासा दिसतो. तो पैसे देतो दहांचे.

यावर वाहतूक. थायलंड वा मलेशियातून मासा येतो तो प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, थर्मोकोलच्या पेटीत, विमानाने. परवाने, तपासणी, विलगीकरण, वाटेतली मर, हे सर्व किमतीस चिकटते. तेथून आपल्या इंदुरास यायचे म्हणजे आणखी एक प्रवास. या माशास सव्वीस ते तीस अंश उष्णतेचे पाणी लागते. माळव्यातील पौष-माघाच्या रात्री तो हीटरशिवाय तग धरीत नाही. वीज गेली तर काय, याचा विचार दुकानदाराने आधीच भावात केलेला असतो. आपण तो घरी आणल्यावर करतो.

ज्या वशिंडासाठी एवढे पैसे मोजायचे, त्याचा भरवसा किती? त्यात हाड नसते. चरबी व पाणी यांनी फुगलेला तो मऊ भाग होय. रानातल्या मिडास नरालाही विणीच्या काळात असा उंचवटा येतो. माणसाने निवड करीत करीत तो वाढविला. पाणी बिघडले, मासा आजारी पडला, प्रवासाने घाबरला किंवा नव्या टाकीत रुसला, की तो ओसरू लागतो. पुन्हा भरेल वा न भरेल. डोक्यास बारीक भोके पडण्याचा रोगही या माशास जडतो. म्हणजे दुकानात पंचवीस हजारांचा असलेला मासा महिन्याभरात आपल्या घरी पाच हजारांचाही राहत नाही, असे होऊ शकते. सोने तिजोरीत ठेवले तरी सोनेच राहते. येथे वस्तू जिवंत आहे, व तिचा भाव तिच्या प्रकृतीबरोबर हलतो.

एवढ्याने भावाचा हिशेब पुरा होत नाही. खर्च व सोडत यांनी भाव चढतो, पण त्याला पंख फुटतात ते लोकांच्या समजुतींमुळे. लोहान घरात असला की लक्ष्मी येते, त्याचे कपाळ जितके मोठे तितके यजमानाचे भाग्य मोठे, असा समज चिनी समाजात पसरला. आपल्याकडे तोच वास्तुशास्त्राच्या नावाखाली आला. कुशीवरच्या काळ्या खुणांत चिनी अक्षरे व आकडे वाचण्याचा नादही लागला. सन २००१ ते २००३ च्या सुमारास मलेशिया व सिंगापुरात या माशाचे वेडच पसरले. अंगावरच्या खुणांत दिसलेल्या आकड्यांवर लोक लॉटरीची तिकिटे घेत. घरोघरी टाक्या आल्या, प्रदर्शने व स्पर्धा भरल्या, आणि हौशी माणसांनी पैदाशीस आरंभ केला. मग जे व्हायचे तेच झाले. मध्यम प्रतीच्या माशांचा पूर आला, नवलाई ओसरली, आणि एक-दोन वर्षांत सामान्य लोहानास कोणी विचारीनासे झाले. निवडक उत्तम नर मात्र तेव्हाही विकले जात होते.

याला थोडेसे जुने साम्य आहे. हॉलंडात १६३७ सालच्या फेब्रुवारीत ट्यूलिपच्या कंदांचे भाव कोसळले, ही गोष्ट पुष्कळांनी वाचली असेल. त्या वेळी सर्वांत महाग होती ती पट्टेदार फुले, आणि ते पट्टे मनात आणून काढता येत नसत. ते एका विषाणूमुळे उमटतात, हे विसाव्या शतकात कळले. तेथेही लोक हाती न येणाऱ्या सोडतीचेच मोल देत होते.

लोकांची समजूत म्हटली की तिच्यावर जगणारेही आलेच. तांबड्या दिव्याखाली कोणताही मासा माणकासारखा दिसतो; मोबाइलवर आलेल्या चित्रावरून मासा घेणे हे म्हणूनच धोक्याचे. नरहार्मोन घातलेले खाद्य देऊन कोवळ्या पिल्लांवर अकाली रंग आणतात. ते खाणे थांबले की काही आठवड्यांत रंग उतरतो, आणि असा मासा पुढे वांझ होण्याचीही भीती असते. रंगासाठी कोळंबीचे खाद्य देणे यात मात्र गैर काही नाही. तीतल्या ॲस्टाझँथिन या द्रव्याने तांबडेपणा स्वाभाविकपणेच खुलतो. शिवाय दर हंगामास नवी नावे निघतात. कालचा माल आज एखाद्या 'ड्रॅगन'च्या नावाने दुप्पट भावास जातो. या माशांची वंशावळ नोंदविणारी सर्वमान्य संस्था नाही, दाखला नाही. 'अमक्या नराचे पिल्लू' याला विकणाऱ्याच्या शब्दापलीकडे आधार नसतो.

आणि एका गोष्टीविषयी आम्हांस स्पष्ट बोलले पाहिजे. व्यंगालाही भाव येतो. ब्लड पॅरटचे तोंड नीट मिटत नाही, त्याला घशातील दातांनी खाद्य चुरावे लागते. त्यातच कोणी त्याची शेपटी पिल्लूपणी छाटून हृदयाच्या आकाराचा म्हणून विकतात, कोणी अंगात सुईने रंग भरतात. फ्लॉवरहॉर्नमध्ये पाठीचा कणा आखूड राहिलेला बुटका प्रकार गोंडस म्हणून अधिक भावाने घेतला जातो. असा मासा अडखळत पोहतो, हे पाहणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. घरातील मुलांसाठी म्हणून आणलेल्या वस्तूत हे आपण विकत घेत आहोत, याची जाणीव असावी.

आमच्या परिचयातील एका तरुणाने तीन वर्षांपूर्वी वडिलांच्या निवृत्तीच्या पैशातून काही भाग उचलून चाळीस पिल्ले आणि त्यांना पुरतील इतके कप्पे घेतले. विकणाऱ्याने बाप-माशाचे चित्र दाखविले होते, आणि ते चित्र खोटे नव्हते. मुलगा कष्टाळू, पाणी बदलण्यात त्याने कसूर केली नाही. वर्षअखेर दोन मासे बरे निघाले, व ते विकून आलेली रक्कम त्या वर्षाच्या विजेच्या बिलासही पुरली नाही. बाकीचे कोणी फुकट नेईनात. यात कोणी त्याला फसविले असे म्हणता येणार नाही. त्याने चित्रातल्या माशाचा भाव पाहिला आणि हाती घेतली ती चाळीस कोयी.

तेव्हा ज्यास विशिष्ट रूपाचाच मासा हवा आहे, त्याने वाढलेला नर डोळ्यांनी पाहून, साध्या पांढऱ्या उजेडात, खाताना व पोहताना पाहून घ्यावा. तो महाग वाटला तरी एकंदरीत स्वस्त पडतो. ज्यास वाढविण्याचा आनंद हवा, त्याने स्वस्त पिल्लू घ्यावे व ते सुमार निघाले तरी सांभाळावे. सुमार मासाही धन्याला ओळखतो, हाताच्या बोटामागे काचेवर धावत येतो. पैदास करू इच्छिणाऱ्याने टाक्या घेण्यापूर्वी नको असलेली चारशे पिल्ले कोठे जाणार, याचे उत्तर आधी शोधावे. मासा नीट ठेवला तर दहा वर्षे जगतो. मुलगा शिकायला परगावी गेल्यावर त्याचे पाणी कोण बदलील, हेही घरात बोलून ठेवावे.

सांभाळणे जमेनासे झाले की मासा 'देवाच्या नावाने' तळ्यात सोडण्याची चाल आपल्याकडे आहे. भाव कोसळल्यावर सिंगापूर-मलेशियात पुष्कळांनी हेच केले, आणि तेथील जलाशयांत व नद्यांत हा भांडखोर परका मासा देशी माशांची अंडी-पिल्ले खाऊ लागला. उजनीत चिलापीने काय केले, हे तेथल्या कोळ्यांस विचारावे. आपल्या गावचा सिरपूर तलाव आणि होळकरांच्या वेळचा यशवंतसागर हे दोन्ही २०२२ साली रामसरच्या आंतरराष्ट्रीय यादीत आले आहेत. तेथे हा मासा जाता कामा नये. शोभेच्या माशांचे दुकानदार असा मासा बहुधा परत घेतात. पैसे मिळत नाहीत, पण टाकी रिकामी होते व मासा जगतो. नेताना पिशवीत एक भाग पाणी व दोन भाग हवा ठेवावी, आणि थंडीचे दिवस असतील तर पिशवी जुन्या घोंगडीत गुंडाळून दुपारच्या उन्हात न्यावी.